कामावर लागलं, गोळ्या सुरू झाल्या, थांबायच्या कधी?

पाठीत लचक भरली, बोट यंत्रात सापडलं, शिडीवरून घसरून घोटा मुरगळला, खांद्यावर पेटी आदळली. कामावर होणाऱ्या दुखापती नाना प्रकारच्या असतात, पण दवाखान्यातून बाहेर पडताना हातात येणारी चिठ्ठी बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. एक दुखणं कमी करणारी गोळी, एक स्नायू सैल करणारी, एक पोटासाठी, एखादी सूज उतरायला, आणि दुखणं फारच असेल तर एक 'कडक' गोळी. पाच दिवसांचा कोर्स. पाच दिवसांनी दुखणं थोडं उरलेलं असतं, म्हणून तीच चिठ्ठी पुन्हा दाखवून तीच औषधं आणली जातात. मग आणखी एकदा. दोन महिन्यांनी त्या माणसाला विचारा की यातली कोणती गोळी कशासाठी चालू आहे, तर सांगता येत नाही. त्यात त्याचा फारसा दोष नाही, कारण त्याला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

या चिठ्ठीतली जवळजवळ कोणतीच गोळी दुखापत बरी करत नाही, हे आधी समजून घेऊ. जखमेत जंतू शिरले असतील तर अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट, त्यांचं काम थेट असतं. बाकी फाटलेला स्नायू, ताणलेला अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा पट्टा), मोडलेलं हाड शरीर आपल्या गतीने भरून काढतं. दुखण्याच्या गोळीने त्या काळात झोप लागावी, अंघोळीला वाकता यावं, चालता यावं, फिजिओथेरपीचे व्यायाम करता यावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. म्हणून गोळी लागू पडतेय का हे 'दहापैकी किती दुखतंय' यापेक्षा 'काल जमत नव्हतं ते आज काय जमतंय' यावर ठरवावं, असं मला वाटतं. तीन आठवडे गोळ्या खाऊनही माणूस जिथल्या तिथेच असेल, तर गोळी वाढवण्याआधी ती कशासाठी चालू आहे हे विचारायला हवं.

आत काय घडत असतं

दुखापत झाल्यावर पहिले काही दिवस सुजेचे. लाली, गरमपणा, ठणका. हे त्रासदायक असलं तरी बिघाड नव्हे, दुरुस्तीची सुरुवात असते. त्यानंतरचे काही आठवडे नवीन पेशी आणि धागे तयार होतात, पण ते कच्चे आणि अस्ताव्यस्त असतात. त्यांना वळण आणि ताकद मिळायला त्यापुढे कित्येक महिने जाऊ शकतात. स्नायूची साधी लचक बहुधा काही आठवड्यांत सुटते. हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) किंवा अस्थिबंध जास्त फाटला असेल तर त्याहूनही अधिक.

दुखणं कमी होण्याचा वेग आणि ताकद परत येण्याचा वेग मात्र एक नसतो. आधी दुखणं ओसरतं, ताकद मागाहून येते. मधल्या काळात माणूस गोळी घेऊन, काहीच न जाणवता, पन्नास किलोचं पोतं उचलू शकतो आणि कच्चा धागा पुन्हा तोडून घेऊ शकतो.

उलटही घडतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट दुखणं म्हणतं. अशा वेळी जखम बहुधा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था सावध राहायला शिकलेली असते. हलक्या ताणालाही ती जोराने ओरडते. हे दुखणं खरंच असतं. 'मनाचे खेळ' म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांना मज्जासंस्था कशी चालते हे माहीत नसतं. पण या दुखण्यावर पहिल्या आठवड्यातल्या गोळ्या तशाच देत राहण्याचाही उपयोग नसतो, कारण ज्या सुजेवर त्या काम करायच्या ती सूज आता तिथे नसते.

चिठ्ठीतली एकेक गोळी

पॅरासिटामॉलपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची. योग्य मात्रेत ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण पाठदुखीवर तिचा प्रभाव आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे साडेसोळाशे लोकांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नव्याने कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना पॅरासिटामॉल दिलं, काहींना औषध नसलेली दिखाऊ गोळी. पॅरासिटामॉल घेणारे निम्मे लोक १७ दिवसांत बरे झाले. दिखाऊ गोळीवाले निम्मे? १६ दिवसांत. मुरगळणं, मार लागणं, दात, डोकं, ताप यांवर तिचा उपयोग आहेच, पण कंबरेला ती फार लवकर उभं करेल अशी आशा धरू नये.

तिचा धोका निराळ्याच ठिकाणी आहे. निरोगी प्रौढ माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिग्रॅ, ही वरची मर्यादा. यकृताचा आजार असणाऱ्याला, नियमित दारू पिणाऱ्याला किंवा वजन फार कमी असणाऱ्याला त्याहूनही कमी. ही मर्यादा जाणूनबुजून कोणी ओलांडत नाही, ती नकळत ओलांडली जाते. समजा चिठ्ठीत एक जोडगोळी आहे, तिच्यात दुखण्याच्या दुसऱ्या औषधाबरोबर ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल आहे आणि ती दिवसातून तीनदा घ्यायची आहे. झाले ९७५. अंग मोडून आलं म्हणून घरातली ६५० ची गोळी दिवसभरात चार वेळा घेतली, त्याचे २६००. सर्दी झाली म्हणून सर्दीची गोळी दोनदा, तिच्यात ५०० आहे, म्हणजे १०००. एकूण ४५७५. नावं तीन, रंग तीन, औषध एकच. गोळ्यांच्या पट्टीवर मोठ्या अक्षरातलं नाव वाचून भागत नाही, मागे बारीक अक्षरात कोणते घटक किती मिलिग्रॅम आहेत ते लिहिलेलं असतं, ते वाचावं लागतं. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघावा. यकृताला इजा झाली तरी पहिला एक दिवस फारसं काही जाणवत नाही, म्हणून मात्रा जास्त झाल्याचं लक्षात येताच काही होण्याची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

दुसरा गट सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब. ताज्या दुखापतीत सर्वांत जास्त कामाला येणारा गट हाच. पण याच गटाने पोटात अल्सर होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २०१५ साली इशारा अधिक कडक करून स्पष्ट सांगितलं की या गोळ्यांमुळे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो. (ॲस्पिरिनला हा इशारा लागू नाही.) म्हणजे 'थोडेच दिवस घेतोय' हा दिलासा हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्याने स्वतःला देऊ नये. किटोरोलॅक याच कुळातलं, पण जास्त तिखट, आणि ते एकूण पाच दिवसांच्या पुढे घ्यायचंच नाही. पोटासाठी दिलेली पँटोप्राझोलसारखी गोळी जठराचं रक्षण करते. मूत्रपिंडाचं आणि हृदयाचं रक्षण तिच्याने होत नाही, आणि दुखण्याची गोळी थांबली की बहुतेकांच्या बाबतीत तिचंही काम संपतं.

याच औषधांचं मलम मात्र आपल्याकडून उगाच कमी लेखलं जातं. घोटा, मनगट, गुडघा असे कातडीजवळचे सांधे मुरगळले तर डायक्लोफिनॅकसारखं जेल चांगलं काम करतं आणि रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२० साली कंबर सोडून इतर ताज्या मुक्यामारासाठी पहिली पसंती याच मलमाला दिली. गोळीला ती नंतर.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांमध्ये थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझोक्साझोन, टिझानिडीन ही नावं वारंवार दिसतात. पहिल्या काही दिवसांत स्नायू दगडासारखा आवळला असेल तर त्या थोडी मदत करतात. मात्र कोणताही स्नायू सैल करायचं बटण त्या दाबत नाहीत. बऱ्याच जणी मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करतात, म्हणून गुंगी आणतात. थायोकोल्चिकोसाइडबद्दल युरोपच्या औषध नियंत्रकाने २०१३ साली ठरवून दिलं आहे की तोंडाने सात दिवसांपेक्षा जास्त नको. टिझानिडीनची एक गाठ लक्षात ठेवण्यासारखी आहे: सिप्रोफ्लॉक्सासिन नावाच्या अँटिबायोटिकबरोबर ती घ्यायचीच नाही. त्या अँटिबायोटिकमुळे टिझानिडीन रक्तात अनेक पटींनी साठते आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. जखमही झाली आहे आणि पाठही आखडली आहे, जखम एका डॉक्टरने पाहिली आणि पाठ दुसऱ्याने, अशा वेळी ही जोडी एकाच पिशवीत यायला वेळ लागत नाही. दोन्ही चिठ्ठ्या दोघांना दाखवायच्या, एवढाच त्यावर उपाय.

सूज 'पचवणाऱ्या' एन्झाइमच्या गोळ्यांवर फार वेळ घालवत नाही. त्यातली सेरॅशिओपेप्टिडेज ही गोळी जपानमध्ये बनवणाऱ्या कंपनीने २०११ साली स्वतःहून बाजारातून मागे घेतली, कारण नव्याने केलेल्या चाचण्यांत ती दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

राहिल्या नसेच्या गोळ्या, म्हणजे गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन. मधुमेहात पाय जळतात, नागीण उठून गेल्यावर आग होते, त्यासाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. कंबरेतून पायात कळ जाते त्या सायटिकासाठीही त्या सर्रास दिल्या जातात, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायटिकाच्या रुग्णांना प्रीगॅबालिनने पायाच्या दुखण्यात दिखाऊ गोळीपेक्षा जास्त आराम पडला नाही. चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवावी लागते.

ती 'कडक' गोळी

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, ऑक्सिकोडोन, मॉर्फिन. अफूच्या कुळातली किंवा तिच्यासारखं काम करणारी ही औषधं म्हणजे ओपिऑइड. मोठी शस्त्रक्रिया, चिरडलेला हात, भाजणं, मोडलेली मांडी अशा वेळी यांच्यासारखा आधार नाही, आणि भीतीपोटी ती नाकारून माणसाला तळमळत ठेवणं हाही अन्यायच. प्रश्न येतो तो साध्या लचकेसाठी ती दिली जाते तेव्हा, आणि पाच दिवसांची गोळी पाच आठवडे चालते तेव्हा.

ताज्या कंबरदुखीत आणि मानदुखीत ती खरंच उपयोगी पडते का, हे ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी तपासलं आणि २०२३ साली निकाल जाहीर केला: सहा आठवड्यांनी ओपिऑइड घेणारे आणि दिखाऊ गोळी घेणारे यांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याआधी २०१८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखी आणि गुडघे-खुबे झिजलेल्या २४० लोकांपैकी काहींना वर्षभर ओपिऑइड दिलं, काहींना साधी औषधं. हालचालीत ओपिऑइडवाल्यांची सरशी झाली नाही, दुखणं तर साध्या औषधवाल्यांचंच किंचित कमी राहिलं. कडक याचा अर्थ जास्त गुणकारी असा आपण लावतो. हे आकडे तसं सांगत नाहीत.

कामगारांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला आहे. कामावर पाठीला दुखापत झालेल्या १,८४३ कामगारांचा तिथे वर्षभर मागोवा घेतला गेला. ज्यांना सुरुवातीलाच सात दिवसांपेक्षा जास्त ओपिऑइड मिळालं, ते वर्षानंतरही कामापासून दूर असण्याची शक्यता दुपटीच्या आसपास होती. दुखापत किती गंभीर होती हे हिशोबात धरूनसुद्धा. असल्या अभ्यासातून 'गोळीनेच तसं केलं' हे शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण गोळी त्यांना कामावर लवकर परत घेऊन गेली नाही, एवढं तरी नक्की.

दिवसांचा हिशोब इथे फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत सुमारे १३ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१७ साली असं आढळलं, की पहिल्यांदा ओपिऑइड घेणाऱ्यांपैकी साधारण ६ टक्के लोक वर्षानंतरही ते घेत होते. पहिला कोर्स आठ दिवस किंवा जास्त असेल तर हे प्रमाण १३.५ टक्के, आणि ३१ दिवस किंवा जास्त असेल तर जवळपास ३० टक्के. ज्यांचं दुखणं मोठं त्यांना गोळ्या जास्त दिवस मिळतात, हेही त्यात आलंच. तरीही पहिल्या चिठ्ठीवर दिवस किती लिहिले आहेत ते बघण्यासारखं आहे.

शरीर या गोळीला सरावतं. तीच मात्रा कमी पडू लागते, म्हणून वाढवली जाते. काही जणांमध्ये दीर्घकाळ घेतल्याने दुखण्याची जाणीव उलट तीव्र होते. आणि मग ती घटना घडते जिच्यामुळे सर्वाधिक लोक अडकतात. सहा आठवडे गोळी घेतलेला माणूस एक दिवस ठरवतो, बास झालं, आजपासून बंद. दुसऱ्या दिवशी घाम, जांभया, नाक वाहणं, पोटात मुरडा, जुलाब, रात्रभर पायांची वळवळ, आणि पाठ पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागते. तो म्हणतो, "बघा डॉक्टर, गोळी सोडली की दुखणं उसळतं, म्हणजे आतून अजून बरं झालेलं नाही." प्रत्यक्षात पाठ जिथे होती तिथेच असते. उसळलेली असते ती सुटलेल्या औषधाची प्रतिक्रिया, आणि ती बहुधा आठवड्याभरात निवळते. हे आधी सांगितलेलं असेल तर माणूस ते दिवस काढतो. नसेल सांगितलं तर दोन दिवसांत पुन्हा पट्टी उघडतो आणि 'मला ही गोळी लागतेच' हे त्याच्या मनात पक्कं बसतं.

इथे सवय आणि व्यसन यांची गल्लत करू नये. शरीराला सवय लागणं हा औषधाचा गुणधर्म आहे, ती सज्जनातल्या सज्जन माणसालाही लागते. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसत असूनही औषधामागे धावणं: ठरल्यापेक्षा जास्त घेणं, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या जमवणं, दुखत नसतानाही बरं वाटावं म्हणून घेणं. दोन्हींवर उपचार आहेत. दोन्हींत माणसाला खडसावल्याने काही साधत नाही.

ओपिऑइडबरोबर दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अल्प्राझोलाम-डायझेपामसारख्या चिंता कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. गॅबापेंटिन-प्रीगॅबालिनची जोडही याच यादीत बसते. ट्रॅमाडॉलने काहींना आकडी येते, आणि नैराश्याच्या बऱ्याच औषधांशी त्याचं पटत नाही. घरातल्या माणसांना हे माहीत असायला हवं. हाक मारली, हलवलं तरी माणूस उठत नाही, श्वास अगदी संथ किंवा घरघरणारा झालाय, ओठ निळसर दिसतायत, तर 'दमून झोपलाय' असं समजून थांबायचं नाही. तातडीची मदत बोलवायची. नॅलॉक्सोन हा त्यावरचा उतारा असतो.

शिफ्ट आणि गोळी

आतापर्यंतचं सगळं कोणत्याही दुखापतीला लागू पडतं. कामावर परत गेल्यावर मात्र हिशोब बदलतो.

घरी गुंगी आली तर माणूस आडवा होतो. क्रेनच्या केबिनमध्ये, फिरत्या करवतीपुढे, उंचावरच्या परांचीवर, रात्रीच्या ट्रकमध्ये तसं करता येत नाही. ओपिऑइड, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, प्रीगॅबालिन, आणि सर्दीच्या गोळीत लपलेलं जुन्या पद्धतीचं अँटिहिस्टामिन (शिंका, ॲलर्जी थांबवणारं औषध), या सगळ्यांनी प्रतिक्रिया मंदावते. रात्री उशिरा घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळच्या शिफ्टपर्यंत उतरलेला असेलच असं नाही. 'मला तर काही झोप येत नाही' हे सांगणारा माणूसही प्रतिक्रियेत मागे पडलेला असू शकतो, कारण स्वतःची सुस्ती स्वतःला नीट जोखता येत नाही. म्हणून डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते नेमकं सांगायला हवं. 'कंपनीत आहे' एवढ्याने त्यांना काही कळत नाही. 'प्रेसवर आहे, दोन्ही हात वापरावे लागतात, रात्रपाळी असते, बारा फुटांवर चढतो' असं सांगितलं तर निवडायच्या गोळ्याही बदलतात आणि त्यांच्या वेळाही.

दुसरी गोष्ट कामाच्या जागी सगळ्यांना माहीत असते, डॉक्टरांना क्वचितच. गेटमधून आत शिरायच्या आधी एक गोळी, जेवणाच्या सुट्टीत दुसरी, ओव्हरटाइम लागला तर तिसरी. दुखतंय म्हणून घेतली जाते त्यापेक्षा दुखू नये म्हणून जास्त. रजा संपलेली असते, हातावर पोट असतं, किंवा 'हा आता कामाचा राहिला नाही' हे ऐकायची भीती असते. या माणसाला 'आराम करा' असा सल्ला देणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. त्यापेक्षा त्याला हे सांगावं की गोळीमागे लपलेलं दुखणं त्याला किती वजन उचलू नको हे सांगत होतं, आणि गोळी घेऊन त्याने तेवढंच वजन उचललं तर कच्चा भाग पुन्हा फाटण्याची शक्यता असते. गोळी घ्यायचीच असेल तर ती व्यायामाआधी आणि झोपेआधी जास्त उपयोगी.

भट्टीजवळ, उन्हात, बंदिस्त गोदामात काम करणाऱ्यांनी मूत्रपिंडाचा विचार वेगळा करायला हवा. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरायला शरीर जी रसायनं वापरतं, तीच रसायनं आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक गटाच्या गोळ्या बंद पाडतात. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तीन बाजूंनी ओढाताण होते आणि मूत्रपिंड अचानक बसू शकतं. वयाच्या पन्नाशीत हे तिन्ही एकत्र येणं अजिबात दुर्मीळ नाही. लघवी कमी आणि गडद होणं, पायांवर सूज येणं, मळमळणं याकडे 'उन्हाने झालं असेल' म्हणून कानाडोळा करू नये.

रजा, दाखला आणि दुखणं सिद्ध करण्याची कसरत

पूर्वी कंबर धरली की सक्तीने अंथरूण धरायला सांगत. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या पालिकेतल्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे ठरावीक व्यायाम, आणि तिसऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून टीव्हीवर मोठी मोहीम चालली: पाठ दुखली तरी हलते राहा, कामाशी संबंध तोडू नका. तिथे लोकांच्याच काय, डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि पाठदुखीच्या नुकसानभरपाईचे दावे घटले.

याचा अर्थ मोडका हात घेऊन कामावर पळा, असा कोणी काढू नये. अर्थ असा की 'पंधरा दिवस विश्रांती' या तीन शब्दांच्या दाखल्यापेक्षा 'दहा किलोच्या वर उचलायचं नाही, एका जागी अर्ध्या तासाहून जास्त उभं राहायचं नाही, शिडी नको, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू' असा दाखला माणसाला जास्त उपयोगी पडतो. त्यावरून वरिष्ठाला हलकं काम देता येतं आणि कामगारालाही काय करायचं नाही याबरोबर काय करता येईल हे कळतं. असा दाखला मागून घ्यावा. बहुतेक डॉक्टर देतात, फक्त आपणहून लिहीत नाहीत.

भरपाईची प्रकरणं जिथे रेंगाळतात तिथे एक विचित्र गोष्ट घडते. दर महिन्याला माणसाला सिद्ध करावं लागतं की आपलं अजून दुखतंय. चालू असलेल्या गोळ्या हा त्यातला एक पुरावा ठरतो. गोळी बंद केली तर 'म्हणजे बरा झालास की' असं कोणी म्हणेल ही भीती मग खरीच असते, आणि बरं होण्यातच तोटा दिसू लागतो. याला लबाडी म्हणणं मला पटत नाही. व्यवस्थाच तसा प्रश्न विचारते. दुखणं किती गोळ्यांचं आहे हे विचारण्याऐवजी किती किलो उचलता येतं, किती पायऱ्या चढता येतात, हात कुठवर वर जातो याच्या नोंदी ठेवल्या, तर गोळी कमी केली म्हणून दावा कमकुवत होत नाही. त्या नोंदी कामगाराने स्वतःही तारीख घालून वहीत ठेवाव्यात.

उदासी, चिडचिड, झोप उडणं, 'माझीच चूक नसताना मीच भोगतोय' हा सल, यांचा बरं होण्याच्या वेगावर परिणाम होतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. रात्रभर जागा राहिलेल्या माणसाची पाठ सकाळी जास्तच दुखते. समुपदेशकाकडे जायला सांगितलं म्हणजे डॉक्टरांनी दुखणं खोटं ठरवलं, असं नव्हे.

उतरवायची कशी

साध्या दुखण्याच्या आणि सुजेच्या गोळ्या कधीही थांबवता येतात. त्या आधी 'ठरलेल्या वेळी' वरून 'लागली तरच' वर आणाव्यात, मग बंद. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी चालू राहिली आणि महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस साध्या गोळ्या (ओपिऑइड किंवा मिश्र गोळ्या असतील तर दहा दिवस) तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. त्यावर इलाज गोळ्या थांबवणं हाच.

ओपिऑइड दोन-चार दिवसच घेतलं असेल तर सरळ बंद करून चालतं. कित्येक आठवडे किंवा महिने घेतलं असेल तर डॉक्टरांबरोबर बसून उतरवणी ठरवायची: बरेचदा आठवड्याला सुमारे दहा टक्के, आणि वर्षाच्या वर चालू असेल तर महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही हळू. मध्ये अडलं तर आहे त्या पायरीवर थांबता येतं. डॉक्टरांनीही ती अचानक तोडू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २०१९ साली दिला, कारण एकदम तोडलेल्या लोकांमध्ये तीव्र दुखणं, मानसिक हाल आणि आत्महत्येपर्यंतचे प्रकार नोंदले गेले होते.

पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा प्रत्येक गोळीबद्दल तीनच गोष्टी विचाराव्यात: ही कशासाठी, किती दिवस, आणि ही घेऊन मी माझं काम करू शकतो का. किती दिवस याचं उत्तर 'बघू' असेल तर कोणत्या तारखेला बघायचं ते विचारावं.

काही लक्षणांना तारीख लागत नाही, त्याच दिवशी रुग्णालय: लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवीला न होणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं, डांबरासारखा काळा शौच, डोळे पिवळे होणं, प्लास्टरखाली बोटं निळी किंवा थंड पडणं, अंगभर पुरळ उठून चेहरा सुजणं.

आणि उरलेल्या गोळ्या. घोटा बरा झाला, पट्टीत सात कडक गोळ्या राहिल्या, शेजारच्या मशीनवरच्या दोस्ताची कंबर धरली. मदत म्हणून पट्टी त्याच्या हातात जाते. त्याला दमा आहे का, तो झोपेची गोळी घेतो का, संध्याकाळी दोन पेग घेतो का, हे त्या वेळी कोणी विचारत नाही. अशा गोळ्या औषध दुकानात परत घेत असतील तिथे द्याव्यात. ती सोय नसेल तर औषधाच्या कागदावर विल्हेवाटीची सूचना बघावी, आणि तोवर त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवाव्यात.